रविवारची जर्सी

एरिस्के बेट,
१८ जानेवारी १९४४

महाशय,

तुमचं नाव मला माहीत नाही. माझा मुलगा लाक्लन मॅकिनिस तुमच्याच जहाजावर होता. डिसेंबरात उत्तरेच्या समुद्रात पडून तो गेला. तुमच्या कॅप्टनसाहेबांनी पत्र पाठवलं. पत्र चांगलं होतं, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं. शेवटी त्यांनी कळवलं की लाक्लनच्या पेटीतलं सामान नौदलाच्या रिवाजाप्रमाणे सोबत्यांमध्ये लिलावाने विकलं आणि आलेले पैसे मला पाठवले आहेत.

ते पैसे मी आमच्या पाद्रीबाबांकडे ठेवायला दिले. घरात नकोसे वाटले. आमच्या बेटावर कुणी गेलं की शेजारी त्या घरी काहीतरी घेऊन येतात. तिथलं उचलून नेत नाहीत.

त्या सामानात एक निळी जर्सी होती. छातीवर नांगर, खाली लाटांच्या ओळी, खांद्यापाशी तारामासा. ती मी विणली होती. अशी जर्सी तुम्हाला दुकानात मिळणार नाही. तुमच्यापैकी ज्या कुणी ती विकत घेतली असेल त्याच्यासाठी हे पत्र आहे. कॅप्टनसाहेब ते त्याला देतील अशी आशा करते. जर्सी मला परत पाठवा. तुम्ही मोजलेले पैसे मी पाठवीन.

माझं लिहिणं कठोर वाटलं तर वाटू दे. घरी आम्ही आमच्या बेटाची भाषा बोलतो, इंग्रजी मी ननांच्या शाळेत शिकले. त्यात गोड बोलायला मला फारसं जमत नाही. आणि आता घरात मी आणि गाय, दोघीच आहोत. गोड बोलायची सवयही गेली.

श्रीमती एफी मॅकिनिस

•

नौदल टपाल कचेरीमार्फत,
८ फेब्रुवारी

मॅकिनिसबाई, नमस्कार.

जर्सी माझ्याकडे आहे. मी सिरिल टॅप्लिन, जहाजावरचा आचारी. हे पत्र आधी आमचे अधिकारी वाचणार, मग पुढे जाणार. त्यामुळे आम्ही कुठे होतो आणि काय झालं ते लिहिता येत नाही.

पण लिलावाबद्दल लिहायला कुणाची हरकत नसावी. तो तुम्ही समजता तसा नसतो. एक जण बोली लावतो, पैसे टाकतो आणि वस्तू परत टेबलावर भिरकावतो. "घ्या, पुन्हा विका!" दुसरा घेतो, तोही परत भिरकावतो. असं करत पैसे वाढवायचे आणि सगळे घरी पाठवायचे. तुमच्या मुलाचा कंगवा कितीतरी जणांनी विकत घेतला. त्यात एक होता वीव्हर, त्याच्या डोक्यावर केस म्हणून नाही. तो ओरडत होता, "मला तोच कंगवा पाहिजे! किती दिवस डोळा होता माझा त्याच्यावर!" एरवी अशा गोष्टीवर जहाज दणाणून गेलं असतं. त्या दिवशी सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले.

जर्सी मात्र मी परत भिरकावली नाही. ठेवून घेतली. थंडी वाजत होती असं समजा.

लाक्लन मला आजी म्हणायचा. स्वयंपाकघरात डोकं घालून विचारायचा, "आजी, आज काय? परत तीच डब्यातली गाय? बिचारी मेली तेव्हा आपल्या राजाचे आजोबा गादीवर असतील." मी पळी घेऊन मागे लागायचो. आमच्या बाजूला एक म्हातारं मालवाहू जहाज चालतं. त्याचा आचारी मागच्या बाजूला येऊन पातेल्याचं झाकण हलवतो, मी पळी हलवतो. तेवढीच आमची ओळख. ते दिसलं की लाक्लन मला ढोसायचा, "आजी, आजोबा बोलावतायत बघा."

चांगला मुलगा होता, बाई. त्याला त्रास झाला नाही.

जर्सी पाठवतो. सुट्टी मिळेल तेव्हा स्वतः टपालात टाकीन, इथल्या पोत्यांचा भरवसा नाही.

सिरिल टॅप्लिन

•

एरिस्के,
१९ फेब्रुवारी

टॅप्लिनसाहेब,

तुमचं पत्र शेजारच्या पेगीला वाचून दाखवलं. कंगव्याचं ऐकून म्हणाली, "हे लोक ठार वेडे आहेत गं, एफी." आणि ॲप्रनने डोळे पुसले. तुमचा रिवाज मला कळला नव्हता. रागाने लिहिलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

जर्सी मात्र मला हवी. आणि दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

तो पाण्यात पडल्यावर जहाज थांबलं का?

दुसरं असं. कॅप्टनसाहेबांनी लिहिलं, "पेटीतलं सामान". म्हणजे तो गेला तेव्हा जर्सी पेटीत होती. अंगात नव्हती. डिसेंबरच्या महिन्यात, तुमच्या त्या समुद्रात, आईने विणलेली उबदार जर्सी घडी करून पेटीत ठेवून मुलगा बाहेर का जातो? रात्री कूस बदलली की मला हाच प्रश्न पडतो.

त्याला त्रास झाला नाही हे तुम्ही लिहिलंत. कॅप्टनसाहेबांनीही नेमकं हेच लिहिलं होतं. दोघांचे शब्द सारखे आले म्हणून मला ते पटलं नाही.

शाळेत सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या, पत्रात काही विचारलं तर खाली जागा सोडावी, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यावंसं वाटतं. खाली जागा सोडली आहे.

एफी मॅकिनिस

•

ग्रिम्सबी,
१६ मार्च

मॅकिनिसबाई, नमस्कार.

तुम्ही सोडलेली जागा पुरणार नाही, म्हणून वेगळा कागद घेतला आहे.

मी बहिणीकडे सुट्टीवर आहे. हे पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार आहे, अधिकाऱ्यांच्या हाती देणार नाही. पकडलं तर शिक्षा आहे, पण डोरिसने तुमचं पत्र वाचलं आणि माझ्यासमोर दौत आपटली. म्हणाली, "सिरिल, त्या बाईला पुन्हा गुळगुळीत लिहिलंस ना, तर या घरात तुला जेवण मिळायचं नाही." तिचा थोरला बाळपणीच गेला. तिला अशा पत्रांतलं कळतं.

जहाज थांबलं नाही, बाई.

तिकडे अंगावर उडालेलं पाणी जागच्या जागी गोठतं. दोर मांडीएवढे जाड होतात. बर्फाच्या वजनाने छोटं जहाज वरून जड होतं, आणि मग एका लाटेत आडवं होऊ शकतं. म्हणून ज्याला दुसरं काम नाही त्याने हातोडा घेऊन बर्फ फोडायला जायचं, हा नियम. त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतच नाही. दुपारसुद्धा रात्रीसारखीच.

लाक्लनचा पहारा संपला होता. वर एक लाट अंगावर घेऊन तो आतपर्यंत भिजला होता. जर्सी काढून त्याने माझ्या चुलीवरच्या दांडीवर टाकली, कोको प्यायला, कोरडा सदरा आणि वर मेणकापडाचा कोट घातला. तेवढ्यात बर्फ फोडायला बोलावणं आलं. जहाज एका अंगावर कलायला लागलं होतं. तो गेला. त्याच्यानंतर थोड्या वेळाने ती लाट आली.

मालवाहू जहाजं मधे चालतात आणि आम्ही त्यांच्या कडेने, राखणीला. आदल्या दिवशी त्यातलं एक पाणबुडीने बुडवलं होतं. आम्ही आमची जागा सोडली असती तर त्या बाजूला दार उघडं राहिलं असतं, आणि आत शेकडो माणसं. म्हणून एका माणसासाठी वळायचं नाही, असा हुकूम निघण्याआधीच असतो. आम्ही तराफा टाकला, जळता दिवा टाकला. ताफ्याच्या शेपटाला एक जहाज असतं, पाण्यातली माणसं शोधणं एवढंच त्याचं काम. ते वळलं, फिरलं. मग त्याने दिव्याने निरोप दिला की कुणी सापडलं नाही. कॅप्टन त्या दिवशी जेवले नाहीत. ताट मीच परत आणलं, म्हणून मला ठाऊक.

त्या पाण्यात लोकर असो की नसो, माणूस फार वेळ टिकत नाही. हे मी बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तिथे फिरून आलेला कुणीही सांगेल.

पेटीतलं सामान, असं लिहायची अशा पत्रांत पद्धतच आहे. जर्सी पेटीत नव्हती. लिलावाच्या वेळी मीच ती चुलीवरून काढून नेली. खांद्यापाशी अजून ओलसर होती. म्हणून मला ती परत भिरकावता आली नाही.

आज ती टपालात टाकली. कोपरावर मी रफू केलं आहे, ते पाहून हसू नका. बाह्या मला आखूड होत्या. डोरिस म्हणते माझे हात वानराचे आहेत. मनगटं उघडी राहायची, पण बाकी अंग उबदार असायचं.

दोन दिवसांत परत निघायचं आहे. आणि मला साहेब म्हणू नका. साहेबलोक वर वाऱ्यात उभे असतात, मी खाली बटाटे सोलतो.

सिरिल टॅप्लिन

•

एरिस्के,
२३ मार्च

सिरिल,

साहेब नको म्हणालात, म्हणून नुसतं नाव लिहिते. तुमचं पत्र आलं, पार्सल अजून नाही. तीन दिवस वारा इतका आहे की टपालाची होडी समुद्राचा मधला पट्टा ओलांडून येत नाही.

जहाज थांबलं नाही हे तुम्ही खरं लिहिलंत. ते वाचून मी गोठ्यात गेले आणि गायीच्या अंगाला टेकून उभी राहिले. पण खरं कळल्यावर निदान एका जागी उभं राहता येतं. इतके दिवस तेही येत नव्हतं. ते शोधणारं जहाज वळलं, हे मी रोज प्रार्थनेच्या वेळी आठवते.

जर्सीचं मात्र तुम्ही खरं लिहिलं नाहीत. तुम्ही भले आहात, म्हणून तुम्ही पत्रात ती पेटीतून उचलून आपल्या चुलीवर वाळत घातलीत. पण मला माहीत आहे ती कुठे होती.

आमच्याकडे प्रत्येक मुलाच्या दोन जर्स्या असतात. एक कामाची, साधी. ती मासळीत, डांबरात, कशातही घालायची. दुसरी रविवारची. तिच्यावर नक्षी असते. ती प्रार्थनेला जाताना, लग्नात आणि घरी परतताना घालायची. रविवारची जर्सी कामावर घातली तर आई सगळ्या बेटासमोर बोलते. मीही पूर्वी बोलले आहे. लाक्लनची कामाची जर्सी पार विरली होती. मी म्हटलं, या वेळी रविवारची आधी करू, कामाची नाताळापर्यंत पाठवीन. सप्टेंबरात धक्क्यावर ती त्याच्या हातात दिली आणि त्याची हनुवटी धरून सांगितलं, "ही रविवारची आहे. तिकडच्या घाणीत घालून तिची वाट लावलीस तर याद राख."

तो म्हणाला, "हो आई."

तो ऐकणारा मुलगा होता. त्याने ती घडी करून पेटीत ठेवली आणि नुसत्या सदऱ्यावर बर्फ फोडत राहिला. हात बधिर झालेला माणूस दोर नीट धरू शकत नाही. त्या पाण्यात लोकर कामाची नाही हे मी मानते. पण पडण्याआधी कामाची असते ना?

कामाची जर्सी अर्धी विणून झाली होती. ती सुयांसकट कपाटात आहे.

जर्सी पाठवली नसेल तर पाठवू नका. तुम्हीच घाला. रोज घाला. मी मागितली ते चुकलं.

एफी

•

एरिस्के,
१२ एप्रिल

सिरिल,

पार्सल आलं. तुम्ही आता कुठे आहात हे मला माहीत नाही, आणि तुमच्या अंगात ही नाही हे मात्र माहीत आहे. माझ्या हट्टामुळे तुम्ही तिच्याविना गेलात. आधी हे लिहून टाकते, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही.

मी आणि पेगीने ती टेबलावर पसरली. पेगीने उजवी बाही उचलली आणि म्हणाली, "हे काय, एफी? आचाऱ्याने रफू केलंय की कोंबडीने?" तुम्ही काळा दोरा वापरलात आणि वर गाठीही मारल्यात. आत हात घातला तर त्या टोचतात. असं का केलंत? मधेच जेवणाची वेळ झाली होती का?

मग मी डावी बाही उलटी केली. तिथेही कोपरावर रफू होतं. बाही आम्ही खिडकीच्या उजेडात नेली.

ते तुमचं नाही. लोकर माझी आहे. जाताना त्याच्याबरोबर दिलेल्या गुंड्यातली, आणि बाकीच्या जर्सीसारखीच खाऱ्या पाण्याने विटलेली. टाके डावीकडून उजवीकडे गेले आहेत. माझा लाक्लन डावरा होता. लहानपणी जाळं दुरुस्त करायला मीच त्याला शिकवलं, आरशासमोर बसवून, कारण त्याचं सगळं उलटं. तो हात मी अंधारातही ओळखीन. गळ्याच्या आतल्या बाजूला करड्या रंगाचा डाग आहे, जहाजाला देतात त्या रंगाचा. तुम्ही स्वयंपाकघरात असता. रंग द्यायला तुम्ही जात नसाल.

रविवारी प्रार्थनेला जाऊन आलं तर कोपर फाटत नाही, सिरिल. सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्या दिवसांत कोपर फाटायला जर्सी रोज अंगात असावी लागते, आणि तीही कामावर. फाटल्यावर त्याने नीट बसून रफू केलं, म्हणजे मी हनुवटी धरून बघेन तेव्हा दिसू नये.

पेगी म्हणाली, "तुझा पोरगा तुला फसवत होता, एफी." मी म्हटलं, "लबाड कुठला." आणि मग मी किती वेळ हसत होते ते मला सांगता येणार नाही. पेगीने चूल पेटवली, गायीला पाणी दाखवलं, माझं सगळं तिनेच केलं.

चुलीवरची दांडी खरी होती. मी तुम्हाला खोटं म्हटलं.

आमच्या जर्सीच्या बाह्या खांद्यापासून खाली मनगटाकडे विणत नेतात. मनगट विरलं की खालून उसवायचं आणि पुन्हा विणायचं, बाकीच्या अंगाला हात लावावा लागत नाही. दोन्ही मनगटं मी उसवली आहेत. कपाटातली अर्धी जर्सीही उसवली, लोकर तीच वापरते. तुमचे हात वानराचे म्हणजे नक्की किती लांब ते डोरिसबाईंना पत्र टाकून विचारलं. त्यांनी दाराच्या चौकटीवरच्या खुणेवरून माप पाठवलं. तुमचं रफू काढून पुन्हा केलं. त्याचं तसंच ठेवलं आहे.

पुरी झाली की जहाजाच्या पत्त्यावर पाठवीन. तिच्यावर आता रविवारची अट नाही. तुम्ही परत आलात की ती तुमची वाट बघत असेल. परत या, एवढंच.

एफी

•

बंदरातून,
२ मे १९४४

एफीबाई, नमस्कार.

आलो. हे पत्रही अधिकाऱ्यांना न दाखवता बाहेरच्या पेटीत टाकणार आहे. टपालाचं पोतं धक्क्यावरच होतं. तुमची दोन्ही पत्रं आणि पार्सल एकदमच मिळालं. आधी पार्सल उघडलं, मग पत्रं तारखेप्रमाणे वाचली. बटाट्यांच्या पोत्यावर बसून वाचली. जेवायला उशीर झाला म्हणून वीव्हर दारात येऊन शिव्या देत होता. माझं तोंड बघून गेला आणि स्वतः बटाटे सोलायला घेतले. त्याने सोलल्यावर बटाट्याचं वाटाण्याएवढं उरतं, पण मी काही बोललो नाही.

पातेल्याचं झाकण हलवणारा माझा तो दोस्त आता नाही. त्याचं जहाज गेलं. बरीच माणसं आमच्या डेकवर ओढून घेतली. त्यांना गरम सूप पाजत मी प्रत्येकाचं तोंड बघत होतो, आणि मग लक्षात आलं की त्याला तोंडाने मी ओळखतच नव्हतो. एवढ्या लांबून झाकणच दिसायचं. म्हणून एकेकाला विचारलं, "तुमच्यात आचारी कोण?" कुणीच "मी" म्हणालं नाही.

आता तिकडे अंधारच होत नाही. सूर्य मावळायचं नाव घेत नाही, आणि वरून विमानं आम्हाला आरामात बघतात. हिवाळ्यात अंधाराला शिव्या देत होतो, आता तोच बरा वाटतो. आम्ही सगळे फार थकलो आहोत. उभ्याने झोपतो.

बाई, तुमचं रविवारचं वाचलं आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण मला त्याचा अर्थच माहीत नव्हता.

तो अंधाराचा काळ होता तेव्हा वार कुणालाच कळत नसे. रोज पहाऱ्यावर जायच्या आधी लाक्लन स्वयंपाकघरात यायचा. "आजी, आज वार कोणता?" मी म्हणायचो, "मंगळवार." तो दाराबाहेर डोकं काढायचा, वारा बघायचा, आत यायचा. "छे, आजी. काहीतरीच काय? बाहेर चांगला रविवार आहे." आणि जर्सी डोक्यातून अंगात घालायचा. दुसऱ्या दिवशी परत, "आज वार कोणता?" "बुधवार, मेल्या. काल मंगळवार होता ना?" "काल रविवार होता, आजी. आजही रविवारच आहे. अशी थंडी रविवारशिवाय पडतच नाही." सगळ्या जहाजात ते पसरलं होतं. थंडी फार असली की वीव्हरसुद्धा म्हणायचा, "काय कडक रविवार आहे आज!"

मला वाटायचं पोरगा देवभोळा आहे, त्याला प्रार्थना चुकल्याचं वाईट वाटतं. एकदा तर मी त्याला माझं प्रार्थनेचं पुस्तक देऊ केलं होतं. तो इतका हसला की त्याचा कोको सांडला. का हसला ते आज कळलं.

तुम्हाला दिलेला शब्द त्याने मोडला नाही, एफीबाई. वारच बदलून घेतला.

जर्सी आली. बाह्या मनगटाच्या पुढे थेट अंगठ्यापर्यंत येतात. तुम्ही डोरिसच्या मापातही थोडं वाढवलंत ना? तसं वाटतंय. दोन्ही कोपरांवर हात फिरवून बघितला. तुम्ही केलेलं रफू सापडत नाही. त्याचं सापडतं.

उद्या परत निघायचं आहे. आज मंगळवार. जर्सी अंगात आहे.

सिरिल